ग्रंथकर्त्यानेच छापून प्रसिद्ध केले

जुने मराठी पुस्तक हाती आले की मी गोष्ट वाचायच्या आधी मुखपृष्ठामागचे पान वाचतो. छापखाना कोणता, किंमत किती, टपालहशील निराळे की त्यातच, हे सगळे तिथे असते. एकोणिसाव्या शतकातल्या कित्येक पुस्तकांवर ते १८६७ च्या पंचविसाव्या कायद्याप्रमाणे नोंदवल्याची ओळ असते आणि ग्रंथकर्त्याने सर्व हक्क स्वतःकडे राखल्याची तंबीही असते. टपाल खात्यात उभी नोकरी गेल्यामुळे टपालहशिलाच्या ओळीवर माझी नजर जरा जास्त रेंगाळते. पण खरी गंमत प्रकाशकाच्या नावात आहे. पुष्कळदा तिथे लेखकाचेच नाव असते. आज अशा पुस्तकाला ‘स्वयंप्रकाशित’ म्हणतात आणि म्हणताना आवाज थोडा खाली आणतात. त्या काळी तो आवाज खाली येत नसे, कारण दुसरी वाट फारशी नव्हतीच.

मी स्वतः या वाटेला लागलो म्हणून हा शोध सुरू झाला. सेवानिवृत्तीनंतर मालवणात बसून शिवकालीन आरमारावर एक कादंबरी लिहिली. एका प्रकाशकाने हस्तलिखित आठ महिने ठेवून घेतले आणि शेवटी तीनशे प्रती मीच विकत घ्याव्यात असे सुचवले. तीनशे प्रती विकत घ्यायच्या तर पाचशे छापायला काय हरकत, असा हिशेब करून मी स्वतःच छापले. एकोणीस फर्मे, तीनशे चार पाने, डेमी आकार. त्या पुस्तकात एक चंद्र चुकला. त्याकडे येतोच, पण आधी आमच्या पूर्वजांविषयी.

मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून ‘मोचनगड’चे नाव घेतले जाते. साल १८७१, लेखक रामचंद्र भिकाजी गुंजीकर. जन्म बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटीचा, म्हणजे आमच्या सह्याद्रीच्या पलीकडच्या अंगाचा. १८६७ साली ‘विविधज्ञानविस्तार’ हे मासिक सुरू झाले आणि गुंजीकरांनी पहिली काही वर्षे ते चालवले. त्याच मासिकातून त्यांनी आपली कादंबरी क्रमशः वाचकांपुढे ठेवली. संपादकही तेच, कादंबरीकारही तेच. पुस्तके सरकारदरबारी नोंदवण्याचा कायदा आणि हे मासिक एकाच सालचे, हा योगायोग मला आवडतो. तो कायदा पुढे इतका टिकला की त्याच्या जागी नवा कायदा यायला २०२३ साल उजाडले.

‘मोचनगड’च्या आधीच्या मराठी कादंबऱ्या आठवून पाहाव्यात. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ ची, तिचा विषय विधवांच्या हालांचा. त्यानंतर लक्ष्मणशास्त्री हळब्यांची ‘मुक्तामाला’ आणि रिसबुडांची ‘मंजुघोषा’ यांनी वाचकाला राजपुत्र, राजकन्या, कपटी कारभारी आणि अद्भुत योगायोग यांची चटक लावली. अशा वाचकासमोर गुंजीकरांनी शिवकालातला एक डोंगरी किल्ला उभा केला. किल्ला कल्पित, काळ मात्र खरा. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो. खऱ्या गडाचे नाव घेतले असते तर कुणी तरी बुरूज मोजायला गेले असते. मी सिंधुदुर्ग घेतला आणि लोक बुरूज मोजायला आलेच. कुणी बेचाळीस म्हणतो, कुणी बावन्न, आणि दोघेही भांडायला तयार.

हरि नारायण आपट्यांनी १८९० साली ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढले. त्याच साली त्यांची ‘म्हैसूरचा वाघ’ आली. ती मेडोज टेलरच्या टिपू सुलतानावरच्या इंग्रजी कादंबरीच्या आधारे लिहिलेली. पुढे ‘उषःकाल’, ‘गड आला पण सिंह गेला’, ‘सूर्योदय’ अशी रांग लागली. हरिभाऊंना आपण आद्य श्रेष्ठ कादंबरीकार म्हणून शाळेपासून ओळखतो. ते स्वतःचे साप्ताहिक स्वतः भरणारे गृहस्थ होते, ही गोष्ट मात्र बाजूला राहते. आठवडा आला की प्रकरण द्यायचे. वर्गणीदार वाट पाहत आहेत, छापखान्यात खिळे जुळवणारा वाट पाहत आहे, आणि आनंदाश्रम संस्थेची व्यवस्था, पुण्याच्या नगरपालिकेची कामे ही निराळीच. त्यांच्या काही कादंबऱ्या पसरट झाल्या, ‘कालकूट’सारखी अपुरी राहिली, याचे खापर टीकाकारांनी त्यांच्या रचनाकौशल्यावर फोडले आहे. मला त्यात साप्ताहिकाचा मंगळ-बुधवार दिसतो. पान रिकामे सोडता येत नाही, आणि वर दम देणारा दुसरा संपादक नाही.

याच हरिभाऊंच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडली, आणि ती प्रत्येक ऐतिहासिक कादंबरीकाराने उशाशी ठेवावी अशी आहे. तानाजी मालुसऱ्यांनी कोंढाणा घेतला तो ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री. सभासदाने आपली बखर १६९७ च्या सुमारास लिहिली. तीत या प्रसंगी महाराजांच्या उद्गारात सिंह नाही. एक गड हाती आला आणि एक गड हरवला, असा तिथला आशय आहे, आणि माझ्या मते तो अधिक जिव्हारी लागतो. सिंहाचे वाक्य घराघरांत नेले ते हरिभाऊंच्या कादंबरीच्या नावाने. त्याला जोडून अशीही समजूत झाली की तानाजी पडला म्हणून कोंढाण्याचा सिंहगड झाला. पण १६६३ च्या पत्रातच त्या गडाला सिंहगड म्हटलेले आहे, म्हणजे तानाजी पडण्याच्या सात वर्षे आधी. आज शंभरातले नव्वद लोक कादंबरीचेच सांगतील. हरिभाऊंनी कुणाला फसवले नाही. त्यांनी कादंबरी लिहिली आणि लोकांनी ती इतिहास म्हणून वाचली.

आमच्या किनाऱ्याला जवळचे वाटावेत असे लेखक म्हणजे नाथमाधव, द्वारकानाथ माधव पितळे. १९०५ साली शिकारीच्या वेळी कड्यावरून पडून त्यांचे कमरेखालचे शरीर निकामी झाले. त्यानंतर १९२८ पर्यंतचे आयुष्य त्यांनी लिहिण्यात घालवले. स्वराज्याच्या स्थापनेपासून दुफळीपर्यंतची त्यांची मालिका एके काळी वाचनालयांत फाटेपर्यंत वाचली जाई. मालवणच्या नगर वाचन मंदिरासारख्या जुन्या ग्रंथालयांत तिच्या बांधणी केलेल्या प्रती अजून असतात. त्यांची ‘सावळ्या तांडेल’ ही शिवकालीन आरमाराच्या पार्श्वभूमीवरची कादंबरी मी शाळेत असताना वाचली. ज्याला स्वतःच्या पायावर उभे राहता येत नव्हते, त्याने तांडेलाला डोलकाठीवर चढवले होते. समुद्र त्यांनी कागदपत्रांतून पाहिला असेल, कल्पनेने पाहिला असेल. पण मराठी ऐतिहासिक कादंबरी घोड्यावरून उतरून तारवात बसली ती अशा पुस्तकांमुळे. नंतरच्या मोठ्या कादंबऱ्या, १९६२ ची ‘स्वामी’ काय किंवा १९८८ ची ‘पानिपत’ काय, बहुतेक घाटावरच राहिल्या. कान्होजी आंग्रे यांच्यावरचे गाजलेले पुस्तकसुद्धा मनोहर माळगांवकरांनी इंग्रजीत लिहिले आणि पु. ल. देशपांड्यांनी ते मराठीत आणले.

स्वतःच्या खिशातून छापणाऱ्यांची परंपरा मराठीत पुढेही तुटली नाही. बाबासाहेब पुरंदऱ्यांनी शिवचरित्राच्या छपाईचे पैसे उभे करायला भायखळ्याच्या बाजारात कोथिंबीर विकली, ही कथा सर्वश्रुत आहे. आणि ज्याने हा सगळा प्रकार जगात लोकप्रिय केला, त्या वॉल्टर स्कॉटचे काय झाले? ‘वेव्हर्ली’ १८१४ साली निनावी आली. ती छापणाऱ्या बॅलंटाइन छापखान्यात स्कॉटची छुपी भागीदारी होती. १८२६ च्या आर्थिक कोसळणीत प्रकाशक बुडाला, छापखाना बुडाला, आणि एक लाख पौंडांहून अधिक देणे स्कॉटच्या डोक्यावर आले. दिवाळे न काढता ते लेखणीने फेडायचे ठरवून तो १८३२ मध्ये मरेपर्यंत लिहीत राहिला. माझ्या बायकोला मी हे सांगितले. ती म्हणाली, “तुमच्या भविष्य निर्वाह निधीत लाख पौंड नाहीत, हे बरं.”

आता माझा चंद्र.

माझ्या कादंबरीचा गाभा म्हणजे बसरूरची स्वारी. किनाऱ्याबाहेर ती फारशी ठाऊक नाही, म्हणून थोडे सांगतो. सिंधुदुर्गाची पायाभरणी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी झाली. मोरयाच्या धोंड्याजवळ पूजा झाली आणि कुरटे बेटावर काम सुरू झाले. पुढे जेमतेम अडीच महिन्यांनी, इतिहासकार ८ फेब्रुवारी १६६५ ही तारीख देतात, शिवाजी महाराज मालवणहून स्वतः आरमार घेऊन दक्षिणेकडे निघाले. कारवारच्या इंग्रज वखारवाल्यांच्या पत्रात पंचाऐंशी लढाऊ गलबते आणि तीन मोठी जहाजे असा आकडा येतो. बेदनूरच्या राज्यातले बसरूर हे श्रीमंत बंदर त्यांनी लुटले, येताना गोकर्णाला गेले, आणि कारवारवर येऊन खंडणी मागितली. इंग्रजांनी आपल्या वाट्याची भरली. महाराजांनी स्वतः समुद्रावरून केलेली ही स्वारी. त्या वेळी सिंधुदुर्गाचा तट उभा नव्हता. बेटावर पाथरवटांच्या टाक्या वाजत असतील आणि शेजारून पंचाऐंशी शिडे बाहेर पडली असतील. कादंबरीकाराला आणखी काय हवे?

मी निघण्याचा प्रसंग पहाटे तीनचा लिहिला. कारण सरळ होते. फेब्रुवारीत रात्रीनंतर जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. शिडाच्या तारवाला बंदरातून बाहेर पडायला तो हवा. शिवाय ओहोटीचे पाणी बाहेर ओढत असले तर दुधात साखर. मालवणच्या खडकांमधल्या अरुंद वाटेने इतकी तारवे काढायची तर वारा आणि पाणी दोन्ही सोबत पाहिजेत. मग मोबाइलवरच्या पंचांगात ८ फेब्रुवारी १६६५ घातले. माघ वद्य अष्टमी निघाली. म्हणजे मध्यरात्री उगवणारा अर्धा चंद्र. मी खूश झालो आणि चार पाने चांदणे लिहिले. खडकांवर चांदणे, ओल्या शिडांवर चांदणे, बेटावरच्या अर्धवट पायावर चांदणे. ज्यांनी हस्तलिखित वाचले त्या सर्वांनी याच पानांची तारीफ केली.

पुस्तक निघाल्यावर दोन महिन्यांनी दांडीवरचे एक वृद्ध तांडेल दारात उभे राहिले. नातवाकडून त्यांनी पुस्तक वाचून घेतले होते. खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाले, “पोस्टमास्तरानू, तुमचो चंद्र चुकलो हा.”

मी विचारले, कसा काय?

“अष्टमीक पाणी पाच-सहाक भरता. तुमी तीनाक सुकती खंयसून हाडलास?”

आमच्या किनाऱ्यावर भरतीचा हिशेब तोंडी असतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो. अष्टमीची पाऊणपट सहा. मुंबईच्या मानाने इकडे पाणी थोडे आधी भरते म्हणून पाच-सहा. म्हणजे पहाटे तीनला पाणी चढते असणार, आणि तेही भांगाचे, दमाने चढणारे. माझ्या पानावर मात्र त्याच वेळी जोराची ओहोटी तारवांना बाहेर ओढत होती. चंद्र अष्टमीचा आणि पाणी भलत्याच तिथीचे. पाच मोठ्या सुशिक्षित माणसांनी हस्तलिखित वाचले होते. ते कुणालाच दिसले नाही. मलाही दिसले नाही, आणि मी जन्मभर समुद्राच्या काठावर राहिलो आहे.

मी ओहोटी बदलायला निघालो होतो. तेवढ्यात सुचले म्हणून किल्ल्याच्या पायाभरणीची तारीख त्याच मोबाइलात घालून पाहिली. पायाभरणीची तिथी आमच्याकडे सर्वांना माहीत आहे: शके १५८६, मार्गशीर्ष वद्य द्वितीया. मोबाइल म्हणाला शुद्ध सप्तमी-अष्टमी. दहा दिवसांचा फरक. मग लख्ख उजाडले.

पोप ग्रेगरी यांनी १५८२ साली कालगणना सुधारली ती कॅथलिक देशांनी लगेच स्वीकारली. गोव्याचे पोर्तुगीज त्यात आले. प्रॉटेस्टंट इंग्लंड मात्र १७५२ पर्यंत जुन्याच गणनेवर अडून बसले. सतराव्या शतकात दोन्हींत दहा दिवसांचे अंतर होते. म्हणजे एकाच दिवशी कारवारचा इंग्रज ८ फेब्रुवारी लिहीत होता आणि गोव्याचा पोर्तुगीज १८ फेब्रुवारी. त्यात इंग्रजांचे कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई, त्यामुळे त्यांच्या कागदांत हा फेब्रुवारी १६६४ सालाच्या पोटात जातो. साल मी बरोबर सुधारून घेतले होते. तो खड्डा मला ठाऊक होता. दिवसाचा खड्डा राहिला. शिवकालाच्या इतिहासात आपण रुळलेल्या तारखा जुन्या गणनेच्या वापरतो, आणि मोबाइलवरचे पंचांग मागच्या काळालाही आजचीच गणना लावते. स्वामीकण्णू पिल्ले यांचे इसवी सन ७०० ते १७९९ चे कोष्टक, शंभर वर्षांपूर्वी छापलेले, उघडून बसलो असतो तर ही पाळी आली नसती. त्यात १७५२ पर्यंत जुनीच गणना धरली आहे.

आता खरी तिथी काढली. आजच्या गणनेने १८ फेब्रुवारी १६६५, म्हणजे फाल्गुन शुद्ध तृतीया-चतुर्थी. पाऊणपट सव्वादोन ते तीन. थोडे आधी धरले तरी रात्री दीड-दोनला पाणी भरले आणि नंतर सकाळपर्यंत ओसरत राहिले. अमावास्येच्या उधाणानंतरचे तिसरे-चौथे पाणी, ओढही चांगली. माझी पहाटे तीनची ओहोटी अगदी बरोबर होती! वारा बरोबर, पाणी बरोबर. फक्त चंद्र नव्हता. तृतीया-चतुर्थीची कोर रात्री नऊ-साडेनऊपर्यंत समुद्रात बुडालेली. त्या पहाटे मालवणच्या बंदरात काळोख होता.

निघण्याची वेळ कुठल्या कागदात लिहिलेली नाही, ती माझी कल्पना आहे, आणि कल्पनेचा मला हक्क आहे असे मी मानतो. चंद्राच्या बाबतीत तो हक्क मला नाही. महाराजांच्या मनात त्या वेळी काय होते हे मी लिहिले तर वाचक ते माझे म्हणून वाचतो. आकाशात काय होते हे लिहिले तर तो ते खरे धरतो. हरिभाऊंच्या सिंहाचा विचार या दिवसांत मी फार केला. त्यांच्या वाक्याला निदान भावनेचे बळ होते. माझ्या चांदण्यामागे मोबाइल होता.

तांडेलांना मी सर्व समजावून सांगितले. पोप, इंग्रज, दहा दिवस. त्यांनी शांतपणे ऐकले आणि म्हणाले, “काळोख होतो तर बरा झाला. चोरून जावचा तर काळोखच व्हयो.” ही गोष्ट माझ्या चार पानांत कुठेच नव्हती. आदिलशाही, पोर्तुगीज, सगळ्यांचे डोळे चुकवून दक्षिणेला उतरायचे आरमार. त्याला चांदणे कशाला हवे असेल?

जुन्या पुस्तकांच्या अखेरीस शुद्धिपत्र असे. पृष्ठ अमुक, ओळ अमुक, अशुद्ध, शुद्ध. खिळे जुळवून छापायच्या काळात ते अपरिहार्य होते. मी तेच केले. उरलेल्या दोनशे अकरा प्रतींसाठी एका पानाची चिठ्ठी छापून घेतली आणि प्रत्येक प्रतीत पृष्ठ १४१ समोर खळीने चिकटवली. तिच्यात दोन ओळींत चंद्र काढून टाकला आहे आणि पंधरा ओळींत काळोख लिहिला आहे. आधी विकल्या गेलेल्या प्रतींपैकी ज्या टपालाने गेल्या होत्या त्यांचे पत्ते वहीत होते, त्यांनाही पाठवली. काहींनी कळवले की आम्हांला चांदणेच आवडते.

प्रकाशक झालो म्हणून १९५४ च्या कायद्याप्रमाणे तीस दिवसांच्या आत चार प्रती मी आधीच पाठवून बसलो होतो: कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचे कॉनेमरा, दिल्लीचे सार्वजनिक ग्रंथालय आणि मुंबईत नगरभवनातले मध्यवर्ती ग्रंथालय. शंभर वर्षांनी कुणी बसरूरच्या स्वारीवरच्या कादंबऱ्या शोधील तर याच चार प्रती सापडतील, आणि चौघींतही चंद्र आहे. चारही ठिकाणी पत्रासह चिठ्ठी रवाना केली आणि पोचपावती मागितली. तीन आल्या आहेत. चौथीसाठी परवा पुन्हा पत्र टाकले.